शेवटची सात मिनिटं

२ मार्च

वाद्यवृंदाबरोबर पहिली तालीम. अर्ध्या तासात तिघांनी घड्याळ पाहिलं. पहिल्या व्हायोलिनवाल्याने तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या वाद्यावर चहा सांडलाय. कारण काय, तर मी त्याला गज तारांखालच्या घोडीच्या पलीकडे फिरवायला सांगितला होता, जिथे तारा इतक्या आखूड असतात की नुसत्या किरकिरतात. म्हणाला, इथे सूर लागत नाही. माहीत आहे मला! म्हणूनच तर लिहिलंय.

माझी रचना बावीस मिनिटांची. आज सहाव्या मिनिटापर्यंत पोचलो आणि मधली सुट्टी झाली. सुट्टीनंतर त्यांनी दुसऱ्या कुणाची तरी जुनी, ओळखीची रचना काढली आणि सगळ्यांच्या पाठी एकदम सरळ झाल्या. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकलं. छान वाजवतात. त्याचाच राग येतो.

४ मार्च

सकाळी शाळेत पाचवी-सहावीचे तास. नंतर मुख्याध्यापिकांनी बोलावलं. उपमुख्याध्यापिकेची जागा मोकळी होतेय, ती मी घ्यावी असं त्यांना वाटतं. वेळापत्रक, पालक, बदली शिक्षक, शिस्त — सगळं. पूर्ण दिवस. महिनाअखेर उत्तर द्या म्हणाल्या. "तुम्ही नीटनेटक्या आहात, आणि मुलं तुम्हाला वचकून असतात." आयुष्यात माझ्याबद्दल इतकं चांगलं फार कमी जण बोललेत.

आता अर्धा दिवस शाळा, अर्धा दिवस घरी लिहायचं टेबल. ती जागा घेतली तर टेबल गेलं. रविवारी लिहीन असं स्वतःला सांगायचं वय राहिलं नाही. एकावन्न पूर्ण.

डॉक्टरांना सांगितलं (नवऱ्याला मी डॉक्टरच म्हणते, दातांचे का होईना). ते म्हणाले, विचार कर. हे मला ठाऊक नव्हतं!

७ मार्च

आज मोजून पाहिलं. आजवर सव्वीस रचना वाजल्या. सगळ्या एकदाच. कुणी शिव्या घातल्या नाहीत, कुणी डोक्यावरही घेतलं नाही. एकदा वाजवतात, हात मिळवतात, कागद पिशवीत घालून परत देतात. नवीन रचना करायला लोक बोलावतात, कारण "नवीन" हा शब्द पत्रिकेवर बरा दिसतो. तीच पुन्हा वाजवू या असं सत्तावीस वर्षांत एकालाही वाटलं नाही.

ही सत्ताविसावी. हीसुद्धा तशीच गेली तर लिहिणं पुरे.

लिहिलं खरं. पण "पुरे" लिहिताना हात अजिबात थरथरला नाही, याचंच वाईट वाटलं.

११ मार्च

दुसरी तालीम. डबल बासवाल्यांनी डोकं उठवलं.

ते वाद्यवृंदात सगळ्यांत जुने. अंगाने एवढे की माणसाएवढं उंच ते वाद्य त्यांच्या शेजारी लहान भावासारखं दिसतं. सगळे त्यांना डोंगर म्हणतात, तोंडावरसुद्धा. माझ्या रचनेत शेवटची सात मिनिटं तेच आहेत. एकेक वाद्य थांबत जातं आणि शेवटी फक्त बास उरतो. तारांवर नाही, तारा जिथे अडकवतात त्या लाकडावर गज फिरवायचा. आवाज जेमतेम यायला हवा. श्वासाएवढा.

आज आम्ही तिथवर पोचलोच नाही, तरी त्यांनी हात वर केला. "बाई, शेवटी गज किती हळू?" मी म्हटलं, जमेल तितका. "म्हणजे किती?" लिहिलंय त्यात. "लिहिलंय ते वाचलं. कळलं नाही." मागे कुणीतरी हसलं. मग गजाला राळ किती लावायची, तो टोकाकडे धरायचा की मुळाशी, आवाज मधे तुटला तर चालेल का. एक चिठ्ठी होती त्यांच्या हातात. यादी करून आणले होते प्रश्न!

चाळीस जण ऐकत असताना मला परीक्षेला बसवल्यासारखं झालं.

१२ मार्च

आईला माझं काम समजावायचा पुन्हा प्रयत्न केला. तिने शेजारणीला सांगून ठेवलंय की माझं सगळं काम कंडक्टरच्या हातात असतं. शेजारीण म्हणाली, कुठल्या बसचा?

पण आज मी तिला खरं सांगितलं, की ही रचना बाबांच्या छापखान्याची आहे. संध्याकाळी बाबा यंत्राची मोटार बंद करायचे आणि मोठं चाक तसंच फिरत राहायचं. मी पायरीवर बसून ऐकायचे. आधी पट्ट्याची फडफड जायची, मग दात्यांची टकटक, मग नुसतं लाकडी चौकटीचं कुरकुरणं. आता थांबलं असं वाटायचं, आणि मग अजून एकदा कुर्र. बाबा दार ओढून घ्यायला तयार, पण माझ्यासाठी थांबायचे. कधी घाई केली नाही त्यांनी.

आई म्हणाली, "ते चाक नेहमी तेल मागायचं." आणि पेपर वाचायला लागली.

१८ मार्च

तालीम. कपाळ दुखतंय. डोंगरांचे चार प्रश्न.

२० मार्च

आज मी चुकले. लिहून ठेवते, म्हणजे उद्या स्वतःला खोटं सांगता येणार नाही.

पहिल्यांदा शेवटच्या भागापर्यंत पोचलो. सगळे थांबले, बास सुरू झाला. आवाज आला तो खुर्ची सरकवल्यासारखा. दोघी-तिघी हसल्या. डोंगर थांबले, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तसंच. मग त्यांनी विचारलं, "बाई, हे असं का हवंय तुम्हाला?"

मी उभी राहिले आणि म्हटलं, "वाजवायचं नसेल तर सरळ तसं सांगा. रोज नवी शंका काढू नका."

 कंडक्टरसाहेबांनी घसा खाकरला.  डोंगरांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

त्यांना नातवंडं आहेत म्हणे. मी शाळेतल्या मुलाशीही असं बोलत नाही.

२१ मार्च

माफी मागायला फोन उचलला. ठेवला.

२६ मार्च

कार्यक्रमाला चार दिवस. कंडक्टरसाहेबांनी त्यांच्या खोलीत बोलावलं. समोर माझं नोटेशन, त्यात एक पिवळी पट्टी चिकटवलेली. पट्टी दिसली तेव्हाच कळलं.

म्हणाले, बावीस मिनिटं जड होतात. पंधराव्या मिनिटाला, जिथे सगळी तंतुवाद्यं एकदम थांबतात, तिथे फार सुंदर शेवट होतो. लोकांना कळेल कधी टाळ्या वाजवायच्या. मी म्हटलं, पुढच्या सात मिनिटांसाठीच तर आधीची पंधरा आहेत. ते म्हणाले, "बाई, ती सात मिनिटं फक्त तुम्हाला ऐकू येतील."

मी भांडले. अगदी नीट, मुद्देसूद भांडले. शाळेत शिक्षकांच्या बैठकीत बोलते तशी. त्यांनीही नीट ऐकलं. मग म्हणाले, असं नको असेल तर त्या जागी दुसरं काहीतरी ठेवता येईल, त्यांना काही अडचण नाही.

मी हो म्हणाले. 

हो म्हणाले! बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले आणि विचार केला की परत जाऊन नाही म्हणावं. तर समोरून डोंगर, पाठीवर तो अवाढव्य बास. बाजूला होऊन मला वाट दिली. तोवर माझ्या डोक्यात पक्कं झालं होतं, ह्यांनीच जाऊन सांगितलं असणार. वाजवता येत नाही म्हणून कापून घेतलं.

मी म्हटलं, "अभिनंदन. तुमची सुटका झाली."

ते दोन पायऱ्या वर जाऊन थांबले. "कसली?" शेवट काढलाय म्हटलं. त्यांचा चेहरा पडला, मग त्यांनी बासचा पट्टा खांद्यावर नीट केला आणि चढत गेले. 

त्यांचा पडलेला चेहरा आठवून मला आत्ता, घरी, बरं वाटायला हवं होतं. वाटत नाही.

३० मार्च

झाला कार्यक्रम.

सभागृह निम्मं भरलेलं. आई आणि डॉक्टर चौथ्या रांगेत. सुरुवात बरी झाली. पहिल्या व्हायोलिनवाल्याने घोडीच्या पलीकडची किरकिर इतकी सफाईने वाजवली की ती गोड झाली — त्या माणसाला वाईट वाजवताच येत नाही, काय करणार. सातव्या मिनिटाला एक जोडपं उठलं. मग त्यांच्या मागचे तिघं, जणू कुणीतरी आधी उठायचीच वाट पाहत होते. मी पाय मोजले नाहीत, पण बूट ऐकले. बूट तालात होते, हे विशेष.

पंधरावं मिनिट. सगळं एकदम थांबलं. आणि कंडक्टरसाहेबांनी हात खाली घेतले.

चाकाचा पट्टा कुणीतरी सुरीने कापावा तसं.

टाळ्या पडल्या, सभ्य. मी वर जाऊन वाकले. वाकताना डोळा डोंगरांकडे गेला. सगळ्यांनी गज खाली ठेवले होते, त्यांचा अजून हातात होता. माझ्याकडे पाहत नव्हते.

बाहेर आई म्हणाली, "एवढ्यात संपलं? मला वाटलं लाईट गेले." डॉक्टर हसू दाबत होते. मी त्यांच्यावर ओरडले. ते चुकले नव्हते आणि आईही नव्हती. तेच तर!

३१ मार्च

पेपरात तीन ओळी. दोन इतर रचनांबद्दल. माझ्या नावाची शेवटची दोन अक्षरं गळलीत. तीसुद्धा कापली.

शाळेत जाऊन होकार दिला. मुख्याध्यापिकांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. पंचवीस एप्रिलला सकाळी दहाला पहिली बैठक, सगळ्या पालक प्रतिनिधींसमोर तुमची ओळख करून देईन म्हणाल्या.

संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, "तुला हवं म्हणून घेतेस ना? कंटाळून घेत असशील तर घेऊ नकोस."

मी म्हटलं, दोन्हींत आता काय फरक राहिलाय?  ते भांडी घासायला लागले. आज माझी पाळी होती.

६ एप्रिल

टेबल रिकामं केलं. सव्वीस पुठ्ठ्याच्या पेट्या माळ्यावर. खोलीत आईची खुर्ची आणली. तिला उजेड आवडला.

१४ एप्रिल

वाद्यवृंदाच्या कचेरीत सत्ताविसाव्या रचनेचे कागद आणायला गेले. तिथली कारकून बाई बोलकी आहे. तिच्या बोलण्यात सहज आलं की शेवट कापायची कल्पना कंडक्टरसाहेबांची स्वतःचीच. पहिल्याच तालमीनंतर त्यांनी ठरवलं होतं. डोंगर उलट ते कळल्यावर दोनदा त्यांच्याशी वाद घालायला गेले होते म्हणे.

मी कागद न घेताच निघाले.

दीड तास चालत होते. जिन्यातलं ते वाक्य परत परत आठवत होतं, माझ्याच आवाजात. चाळीस जणांत एकच माणूस विचारत होता आणि मी त्यालाच गप्प केलं. इतकी वर्षं म्हणतेय की कुणी ऐकत नाही. मी तरी कुठे ऐकलं?

१५ एप्रिल

त्यांना पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं. पाचवं पोस्टात टाकलं. त्यात फक्त एवढंच आहे की चूक माझी होती, आणि तुमच्या एकाही प्रश्नाला मी नीट उत्तर दिलं नाही.

१९ एप्रिल

उत्तर नाही. नकोच यायला.

२२ एप्रिल

बैठकीसाठी भाषण लिहिलं. एक पान. फार सहज लिहून झालं, एक शब्द खोडावा लागला नाही.

२४ एप्रिल

दुपारी फोन. डोंगर.

पत्र मिळालं म्हणाले, त्याबद्दल पुढे काही नाही. मेअखेरीला ते निवृत्त होतायत. निवृत्त होणाऱ्याला शेवटच्या कार्यक्रमात काय वाजवायचं ते विचारायची त्यांच्यात पद्धत आहे. त्यांनी माझं नाव दिलंय. पूर्ण बावीस मिनिटं. कंडक्टरसाहेबांनी तोंड वाकडं केलं, पण पद्धत ती पद्धत.

 ते म्हणाले, "घरी रोज करतोय बाई, पण पाचव्या मिनिटानंतर आवाज माझ्या हातून जातोच. उद्या दहाला हॉल मोकळा आहे. दाखवायला याल?"

मी म्हटलं, येते.

शाळेतली बैठकही उद्या दहालाच. तिथे अजून कळवलेलं नाही.