बिनबांगडीचे हात

बुधवार, २६ जुलै १९४४. पंचमीचा दुसरा दिवस

सगळ्यात आधी कोण उगवलं म्हणावं, तर विहीणबाई! काल सकाळी मी पदर खोचून दारात सडा घालते आहे, आणि समोर धोंडुबाई, माझ्या नातीची सासू. कवठे महांकाळहून पंचमीचा सण घेऊन आल्या, सुनेला लुगडं, खण, सगळं रीतसर. संगं त्यांची लेक रंगू. ह्या पोरीचा नवरा लगीन झाल्यावर दोन वर्षांत गेला, तेव्हापासून पांढरं लुगडं नेसून आईकडेच आहे. बसली तरी भिंतीला चिकटून बसते. चार बुकं शिकलेली आहे म्हणे, पण तोंडातून शब्द नाही.

मग आली माझी अंजना! माझी नात. साताऱ्याला सरकारी दवाखान्यात नर्सबाईचं शिकायला राहिली आहे जूनपासून. नवरा लामेवर, म्हणजे लढाईवर, इटली का कुठं, आणि पोरगी घरी बसून करणार काय? जावईबापूंनी स्वतः लिहिलं, शिकू दे. आमच्या सात पिढ्यांत कुणी सरकारचा पगार खाल्ला नाही, ही खाणार! मी तर गावभर सांगून बसले.

गाडी चुकेल म्हणून पोरगी कामावरचंच लुगडं नेसून आली. पांढरं. हातात एक बांगडी नाही. डोरलं चोळीच्या आत. मला दिसली माझी नात, आणि विहीणबाईंना काय दिसलं? ओरडल्याच की! — "माझा आकाराम तिकडं जित्ता हाय, आन् ही असली हुबी ऱ्हायलीया दारात!"

अंजना म्हणाली, "आत्याबाई, बांगडीखाली घाण ऱ्हाती, ती आजाऱ्याच्या जखमंत जाती. समद्या पोरींना एकच नियम हाय."

"नियम तुज्या सरकारला. मला ल्योक एकच हाय!"

मी पण आईच.

दुपारी कासार बोलावला, कोपरापर्यंत हिरवा चुडा भरला. रंगू तेवढा वेळ मागच्या दारी गोठ्यात जाऊन बसली. कुणी सांगितलं नव्हतं. चुडा भरून झाल्यावर विहीणबाई म्हणाल्या, "आता ह्या चुड्याला हात लावला तर शाळा बंद. म्या सरळ घरला घिऊन जानार." नानासो, म्हणजे माझा लेक, अंजनाचा बाप, एरवी बाजारात दहा माणसांशी भांडतो. विहिणीपुढं ताटात मान घालून बसला. पुरणाची दिंडं मात्र चार खाल्ली!

गुरुवार, २७ जुलै

चुडा ठेवावा तर शाळा जाते. काढावा तर सासर जातं. पोरगी चुलीपुढं बसून रडली. म्हणते, "आज्जी, मला तिथं लय आवडतंय." बाई गं! शेणाच्या पाटीला नाक मुरडणारी पोरगी, लोकांचं मुतपात्र उचलते आणि म्हणते आवडतंय.

मला आठवली बनुबाई, गोंदणारी. पंचमीला हिंडत येते, कालच खालच्या आळीला होती. म्हटलं, अरे, हे सुचलं कसं नाही! गोंदण हिरवं असतं. साबणानं धुतलं तरी जात नाही. काच फुटते, सोनं चोर नेतो, गोंदण माणसाबरोबर सरणावर जातं. विहीणबाईंना तसंच सांगितलं. त्यांनी बटवा सोडला. तंबाखू चोळली, तोंडात टाकली. मग म्हणाल्या, "गोंदा. पन सगळं मनगाट फिरून आलं पायजे. आर्धवट चुडा नगं."

पोरीनं मान हलवली. हाताला तेल लावून बांगड्या एकेक उतरवल्या, फुटू दिली नाही एक पण. विहीणबाईंनी पदरात गुंडाळून घेतल्या. बनुबाईनं दोन्ही मनगटांना गोल गोल चुडा काढला, मध्ये ठिपके, वर बारकी वेल. अंजनानं दात दाबून धरले. मी हळद लावली. काय सुरेख दिसत होतं! मी तर म्हटलं, सरकारला पण कळणार नाही, सासूला पण बोलता येणार नाही. माझी अक्कल बघा!

शुक्रवार, २८ जुलै

अंजना साताऱ्याला गेली. विहीणबाई कवठ्याला. घर मोकळं मोकळं. नानासो म्हणतो, आई, तू वकील व्हायला पाहिजे होतीस. मी दिवसभर फुशारून बसले.

सोमवार, ३१ जुलै

श्रावणी सोमवार. आज माझा पण उपास, अंजनाचा पण उपास, दोन्ही मीच धरले. तिकडं कामावर उपास धरायचा नाही असा नियम. मागं एक पोरगी संकष्टीला उभ्याउभ्या पडली, हातात औषधाची बाटली होती! मेट्रनबाई म्हणजे तिथल्या मोठ्या बाई, त्या किरिस्ताव. पण अंजना सांगते, त्यांनी स्वतःच्या गळ्यातला क्रूस पण आत सारलेला असतो. मुसलमानाची एक पोरगी आहे, तिचा तावीज पेटीत. देव सगळ्यांचेच पेटीत, म्हणते, रात्री काढायचे आणि बोलायचं त्यांच्याशी.

महादेवाला सांगितलं, एक उपास माझा, एक तिचा, गोंधळ करू नको. दोन उपासांना दोनदा शाबूदाणा खावा लागला. शाबूदाणा पण मिळतोय कुठं हल्ली.

गुरुवार, ३ ऑगस्ट

नानासो चिवडा घेऊन साताऱ्याला गेला होता. येऊन बसला, पागोटं पण काढलं नाही. मग सांगितलं. गोंदण पिकलं! दोन्ही मनगटं सुजून लाल. पू झाला. मेट्रनबाईंनी पोरीला आजाऱ्यांजवळ जायला बंदी केली. बऱ्या झाल्या नाहीत जखमा, तर घरी जा म्हणाल्या, पुढच्या सालाला बघू.

मी केलं हे. मी! दगडाला हळद फासावी तशी फासली, हात तरी धुतले होते का मी? त्या सकाळी शेण काढलं होतं.

बनुबाईला शिव्या दिल्या मनातल्या मनात. तिचा काय दोष.

शनिवार, ५ ऑगस्ट

जेवण गेलं नाही.

बुधवार, ९ ऑगस्ट

विहीणबाई आल्या. रंगूपण आली. अंजनानं सासूला खरं ते कळवलं होतं, पोरीचा स्वभावच तसा. विहीणबाई दारातूनच सुरू — "हात सडवला पोरीचा! आता पुरं. उद्या साताऱ्याला जाऊन तिला घरला नेती." मी चहा केला. गुळाचा. विहीणबाई म्हणाल्या, "च्या ब्येस झालाय." रागात पण खरं बोलतात. म्हणून मला आवडतात त्या.

गुरुवार, १० ऑगस्ट

आज साताऱ्याला गेलो. मी, विहीणबाई, रंगू. दमले आहे. पण सगळं लिहिते.

दवाखान्याच्या ओसरीवर पाटी होती. विहीणबाई म्हणाल्या, "काय लिवलंय कुनाला ठावं." मी डोळे बारीक करते तोवर रंगूनं वाचलं! घडाघडा! पांढरं लुगडं, केस बांधलेले, बांगडी-अंगठी नको, कामावर उपास नको. विहीणबाई तिच्याकडं बघतच राहिल्या. "तुला अजून येतंय व्हय गं?"

मेट्रनबाई आल्या. ठेंगण्या, चष्मा, चाल भराभर. विहीणबाईंनी पदर खोचला, भांडणाच्या तयारीनं. पण मेट्रनबाईंनी आधी मलाच धरलं — "गोंदणाची अक्कल तुमची का, आजीबाई? अहो, काचेच्या बांगड्या मी पेटीत ठेवून घेते, घरी जाताना परत देते. हे कातडं कुठल्या पेटीत ठेवू?"

मला हसू पण आलं आणि रडू पण. विहीणबाई चक्क हसल्या!

अंजना आली. हाताला पांढरी फडकी बांधलेली. सूज उतरली आहे, देवाची दया, आणि औषधाची. खपली पडली की परत कामावर घेतील. तोवर पट्ट्या गुंडाळायला बसवली आहे. विहीणबाईंनी फडकं वर करून बघितलं. हिरवा चुडा शाबूत! "वेल कुटं हाय ती?" असं विचारलं, आणि वेल पण नीट बघून घेतली. पण सामान बांध, असं काही म्हणाल्या नाहीत. बघू या, एवढंच म्हणाल्या.

मग तो प्रकार झाला. बायकांच्या खोलीत एक म्हातारी खाटेवर होती, माण दहिवडीकडची, पायाला फळी बांधलेली. आम्ही दाराशी. म्हातारीनं रंगूकडं हात केला — "अवो नर्सबाई, वाईच पानी द्या की!"

रंगूनं मागं वळून बघितलं, कोण नर्सबाई म्हणून. मागं तर भिंत! पांढरं लुगडं, मोकळे हात — म्हातारीला वाटलं ती तिथलीच. अंजना म्हणाली, "दे गं वन्सं, हात धुऊन दे." रंगूनं हात धुतले, पाणी पाजलं, म्हातारीचं डोकं धरून, सांडू न देता. म्हातारीनं तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "औक्षवंत हो बाई."

गावात ह्या पोरीच्या हातचं पाणी सणाला कुणी घेत नाही.

खोलीत आणखी चार-पाच पोरी कामं करत होत्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांचे हात रिकामे. विहीणबाई एकेकीच्या मनगटाकडं बघत होत्या. गाडीत परत येताना तंबाखू पण खाल्ली नाही.

शुक्रवार, ११ ऑगस्ट

विहीणबाई सकाळी निघाल्या. अंजनाला न्यायची गोष्ट काढली नाही. रंगू पुढं गेल्यावर उंबऱ्यात थांबल्या, माझा हात धरला, आणि हळूच म्हणाल्या, "आवं, तितं सवाशीण कोन, रांडाव कोन, काय कळंना बगा. आमच्या रंगूला घेत्याल का?"

येत्या सोमवारी येतो म्हणाल्या. रंगूला घेऊन.