ठरावाचा वरचा अर्धा

३ नोव्हेंबर

आज कुलूपवाल्याची अशी जिरवली! अजून हसू येतंय.

आला होता आमंत्रण घेऊन. व्यापारी मंडळाला साठ वर्षं झाली, मंडळाचा इतिहास छापतोय, प्रकाशन काकू तुमच्या हस्ते. अध्यक्ष ना तो, पोट पुढे, शब्द मागून. 'सगळ्या बाजारात जुनं माणूस आता तुम्हीच.' म्हटलं, जुनी मी असेन, पण तुझी कुलपं नवी असून किल्लीशिवाय उघडतात, त्याचं काय? नात काउंटरखाली वाकून हसत होती. आमचं दोरखंडाचं दुकान आता तीच बघते. मी आपली खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांना नावं ठेवते.

जाताना कच्ची प्रत ठेवून गेला. वाचीन अक्षर लावत लावत. शाळा तीनच यत्ता, बाकीचं शिक्षण पोत्यांवरच्या छापांचं.

५ नोव्हेंबर

वाचलं. खोटारडे मेले!

पहिल्याच पानावर आम्ही. काय तर म्हणे, 'शेजारधर्मातून जन्मलेली संस्था'. एक दोरवाला शिडीवरून पडला, पाठ मोडली (हे आमचे हे). मग बाजारातल्या थोर मंडळींनी पहिला ठराव केला— दुकानदार आजारी पडला तर बाकीच्यांनी पाळीपाळीनं त्याच्या दुकानात बसावं, दुकान बंद ठेवू नये. ती पाळी अजून चालू आहे, सगळे कौतुक करतात. करोत.

पण मी कुठे गेले? हे पडले त्याच्या चौथ्या दिवशी दुकान उघडलं होतं मी! वय चोवीस, कडेवर पोरगा. आणि विक्री ह्यांच्यापेक्षा बरी होती— तेच खुपलं सगळ्यांना. पंधरा दिवसांनी ह्याचा बाप, थोरला कुलूपवाला, दारात उभा. 'वहिनी, आमचं मंडळ झालंय, ठराव झालाय. बायांनी गल्ल्यावर बसायचं नाही. आम्ही बसू पाळीनं. तुम्ही घर बघा.'

ठराव असा होता! त्याचा वरचा अर्धा गेला कुठे? उंदरांनी खाल्ला?

एका बाईला खुर्चीवरनं उठवायला सहा बाप्यांना मंडळ काढावं लागलं. आठवलं की राग पण येतो आणि गुदगुल्या पण होतात.

६ नोव्हेंबर

गुडघा दुखतोय. भांडण असलं की कमी दुखतो. बघू, उद्या मास्तरला बोलावते.

७ नोव्हेंबर

मास्तर येऊन गेला. इतिहास तोच लिहितोय. माझ्या मुलाच्या वर्गातला, म्हणजे मी त्याचं शेंबडं नाक पाहिलेलं आहे, माझ्याशी खोटं बोलेल कसा. म्हणाला, 'मला जे कागद दिले त्यावरनं लिहिलं. मंडळाच्या ठरावांची जुनी वही कुलूपवाल्याच्या तिजोरीत आहे.' कुलूपवाल्याच्याच! घ्या.

मग त्याला पाळीची खरी गोष्ट सांगितली. पहिली पाळी कापडवाल्याची. त्यानं काय करावं? विहिरीचा दोर, अख्खं वेटोळं, कापड फाडल्यासारखं हातभर हातभर कापून ठेवलं! नीट घड्या घालून! 'गिऱ्हाईक आलं की पटकन देता येतं, वहिनी.' हातभर दोरानं पाणी काढायला विहीर काय वाटीएवढी असते? ते सगळे तुकडे टोपलीत भरले, मी भर बाजारातून गेले, त्याच्या रेशमी ताग्यांवर ओतले. आणि येऊन गल्ल्यावर बसले ती आजतागायत. कोणी उठवलं नाही. हिंमत होती कुणाची!

मास्तर हसून हसून खोकायला लागला, पाणी द्यावं लागलं. मग हळूच विचारतो, काका काय म्हणाले होते तेव्हा? काय म्हणणार. भिंतीकडे तोंड करून पडले होते. 'सहा जणांपुढे माझं काय चालणार?' म्हणाले. बिचारे. पाठ मोडलेला माणूस भांडणार कसा? म्हणून मी दोघांच्या वाटचं भांडले.

म्हटलं, मास्तर, ती वही मागून घे, ठराव अख्खा छापायचा. नावानिशी. नाहीतर प्रकाशनाच्या दिवशी माइक माझ्या हातात आहे, लक्षात ठेव.

१० नोव्हेंबर

कुलूपवाला परत आला. आज पोट मागे. 'काकू, साठ वर्षं झाली. नका मागू ती वही. तुम्हालाच त्रास होईल.' धमकी! मला! म्हटलं, तुझ्या बापाला नाही घाबरले, तू कोण? वही आण, नाहीतर मी तिजोरीपुढे सतरंजी टाकते. जेवायचा डबा पण तिथेच मागवते.

नुसता माझ्याकडे बघत राहिला. कीव केल्यासारखा. ते बघणं काही मला आवडलं नाही.

११ नोव्हेंबर

नातीशी वाजलं. ती यंदा मंडळाची चिटणीस होणार, पहिली बाई. 'आजी, मला रोज त्यांच्यात बसायचंय. कशाला उकरतेस?' म्हटलं, बसशील ती कुणामुळे? तर म्हणते, 'तुझ्यामुळे गं, पण आता गप्प बस ना.' दोघी जेवलो नाही. मग तिनं भात वाढला, मी खाल्ला. वही उद्या येणार आहे. कुलूपवाल्याचा निरोप आला. जिंकले!

१२ नोव्हेंबर

वही आली. मास्तरनं वाचून दाखवली. ठराव आहे, मी म्हणते तस्सा.

सह्या सात. मी सहाच धरले होते.

ठराव मांडणारा म्हणून पहिली सही ह्यांची. सभेची जागा— आमची बाहेरची खोली. त्या दुपारी सगळे तब्येत विचारायला आलेत, असं मला वाटलं होतं. चहा मीच केला.

मास्तर म्हणाला, 'काकू, आता कसं करू?'

छाप, म्हटलं. चहासकट.