तुझ्या फोनात वाजणारी साखर

प्रिय ठमे,

फोनवर सांगायला गेलो तर तू आधी ‘साखर किती आहे?’ विचारतेस, आकडा ऐकतेस आणि पुढचं बोलणं राहूनच जातं. म्हणून लिहायला बसलोय. अक्षर लावून वाच. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर लिहायची वेळ फारशी आली नाही.

तू बसवून दिलेला पंप ठीक चालतो. कमरेला अडकवलेला असतो, नळी बनियनच्या आतून पोटाकडे जाते. दंडावरची चकती साखर मोजते, त्याप्रमाणे पंप इन्सुलिन सोडतो, आणि साखर फार उतरली की माझ्याबरोबर तुझाही फोन कोकलतो. आधी मला याचं कौतुकच होतं. आजारी एक आणि बोंब दोन गावांत, असं खालच्या मजल्यावरच्या रिटायर झालेल्या सिस्टर म्हणाल्या, तेव्हा हसलोही होतो.

मग जावईबापू बोलता बोलता बोलून गेले. तू बस चालवत असताना तुझा फोन कोकलला, तू भरलेली गाडी कडेला घेतलीस आणि मला फोन लावलास. मी इकडे ग्लुकोजची गोळी चघळत निवांत! ‘काही नाही गं’ म्हणालो. प्रवाशांनी तक्रार केली आणि साहेबांनी तुला स्टिअरिंगवरून उठवून तिकीट खिडकीत बसवलं. मला तू सांगितलंस, पाठीला आराम म्हणून मागून घेतलं. लहानपणी खुर्च्यांची रांग लावून ‘सरका पुढे, सरका पुढे’ करत घर डोक्यावर घेणारी पोर तू. खिडकी मागून घेशील होय?

त्यात मी शहाणपणा केला. म्हटलं, साखर उतरलीच नाही तर फोन वाजणार नाही, आणि फोन वाजला नाही तर साहेब तुला परत गाडी देतील. तुझी ड्यूटी सुरू व्हायच्या आधी चमचाभर साखर तोंडात टाकायला लागलो. पण मी साखर चढवली की पंप जादा इन्सुलिन सोडायचा आणि मग ती धाडकन खाली यायची. मी घाबरून आणखी एक चमचा. जो वाजू नये म्हणून एवढा खटाटोप, तो फोन उलट जास्तच वाजायला लागला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा चाचरलो, नळीत काहीतरी बिघाड असेल म्हणालो. बिचारे चक्रावले आणि त्यांनी तुला कळवलं, यांना एकटं ठेवू नका.

आता तू राजीनामा देऊन इकडे येणार म्हणतेस. ठमे, काल मी सिस्टरांना सगळं सांगून टाकलं. ‘या वयात चोरून साखर? लाज कशी वाटत नाही!’ म्हणून त्यांनी झाडलं आणि हाताला धरून डॉक्टरांपुढे उभं केलं. साखरेचा डबा त्यांनी जप्त केलाय, ग्लुकोजच्या गोळ्या तेवढ्या माझ्या खिशात ठेवल्यात. इशारा आता त्यांच्याही फोनात वाजतो. जिना चढून येतात, चढताना मला शिव्या घालतात, पण येतात. तू हो म्हणालीस की तुझं नाव त्या इशाऱ्याच्या यादीतून काढतील. साहेबांना सांग, बापाची सोय झाली. माझ्यावर हवं तितकं रागव, महिनाभर बोलू नकोस, पण पोरी, तेवढा राजीनामा देऊ नकोस.

तुझाच,
धास्तावलेला बाप