रविराजला उलटं टांगण्याचा प्रोग्राम

२ डिसेंबर २००२, सकाळी १०
ग्राफिक्सची नवी बॅच कोण घेणार? आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या मालकीण सुवर्णा मॅडम म्हणाल्या, जानेवारीत दिंडोरीला द्राक्ष प्रदर्शनात आपला स्टॉल आहे. ज्याचा डेमो बागायतदारांना आवडेल, त्याची बॅच. म्हणजे माझी. दुसरा उमेदवार रविराज. त्याला प्रोग्रामिंग मीच शिकवलं. काल त्यानेच भर वर्गात माझी चूक काढली. वर हसून 'सर' म्हणाला! त्याला उलटा टांगला नाही तर नावाचा जयराम नाही.

४ डिसेंबर
ठरलं. थ्री-डी द्राक्षबाग, ओपनजीएल या ग्राफिक्स लायब्ररीत. विंडोज असो नाहीतर लिनक्स, चित्र सगळीकडे अगदी सारखं दिसतं. मॅडमना तीनदा सांगितलं. रविराज म्हणाला, आधी एखादी बाग बघून येऊ. मी नाशिकचा! मला द्राक्षं दाखवतो?

११ डिसेंबर
मांडव झाला. जमीन झाली. बागेत एक बुजगावणं ठेवणार. त्याला रविराजचं तोंड. पिकनिकच्या फोटोतून स्कॅन केलं. अख्खी दिंडोरी हसेल.

२९ डिसेंबर
मांडवाला घड टांगायचं फंक्शन लिहिलं. बुजगावण्यालाही तेच वापरलं, वेळ वाचतो. तर रविराज मांडवाला उलटा लटकलेला! पंधरा मिनिटं नुसता बघत बसलो. फार बरं वाटलं. पण उलटं तोंड ओळखू येईना. सूड घ्यायचा तर ओळखू आला पाहिजे. फंक्शनमध्ये एक मायनस टाकला. रविराज सरळ उभा. झकास.

१७ जानेवारी २००३
उद्या प्रदर्शन. शेवटचं टेस्टिंग केलं. तोंडावर झूम करून दोन तास. नाक फारच छान आलंय. बाकी बाग काय, आहेच.

१८ जानेवारी, दुपारी
पुंजाराम नावाच्या बागायतदारांनी स्क्रीनकडे बराच वेळ बघितलं. मग विचारलं, ही द्राक्षं हायेत का बाजरीची कणसं? सगळे घड मांडवावर ताठ उभे. लोक पोट धरून हसले. मी म्हणालो, विंडोजचा दोष आहे. मॅडमनी शेजारच्या लिनक्सच्या मशीनवर लावलं. तिथेही उभे. अगदी सारखे. तुम्हीच सांगितलं होतं ना, म्हणाल्या. पुंजाराम म्हणाले, पाखरांसाठी द्राक्षाला आम्ही जाळी लावतो, हा गडी कशाला उभा केलाय? मी पाणी प्यायला गेलो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
रविराजने मायनस दोन मिनिटांत शोधला. काढला. घड खाली लोंबले, बागायतदार खूश. बुजगावणं अर्थातच उलटं झालं. रविराजने मान वाकडी करून बघितलं आणि ओरडला, अरे, हा तर मी! आता भांडेल म्हणून मी तयारीत होतो. मेला हसत सुटला. मॅडम म्हणाल्या, काढून टाका ते. तो म्हणाला, राहू द्या, लोकांना आवडतंय. खरंच आवडत होतं. पुंजारामांनी घरच्या मंडळींना बोलावून दाखवलं. रविराजबरोबर फोटोही काढून घेतला.

२० जानेवारी
बॅच रविराजची. मॅडमनी प्रोग्राम लॅबच्या बाराही मशीनवर लावला. रविराज बारा ठिकाणी उलटा टांगलाय. म्हणजे मी बोललो ते करून दाखवलं. पहिला धडा : जयराम सरांचा मायनस. मॅडम म्हणाल्या, जयराम, तुम्हीही बसा, उपयोग होईल. बसलो. त्याने हजेरी घेतली. माझं नाव शेवटी आलं.
येस सर म्हणालो.