सोमवारच्या आत मेनू

शनि. ७ फेब्रुवारी
संकल्प: घरच्या कॉम्प्युटरचा बूट लोडर बदलणे. विंडोज आणि दोन लिनक्स आहेत. चालू केल्यावर यातलं कुठलं हवं ते विचारणारा मेनू सध्या ग्रबचा, काळाकुट्ट. विनया त्याला निधनवार्ता म्हणते. रेफाइंड नावाच्या दुसऱ्या बूट लोडरमध्ये चित्रं येतात. आजच्या आज होईल.

विनयाचं म्हणणं एवढंच की सोमवारी सोळाला शाळेत तिचा डेमो लेसन आहे, यमुनेवरच्या स्लाइड्स विंडोजमध्ये आहेत, तेवढ्या सांभाळ. आमची लेक पूर्वी झाल्यानंतर आता कुठे ती परत नोकरीसाठी उभी राहतेय. मला कळत नाही का? विंडोजच्या कुलपाची रिकव्हरी की पेनड्राइव्हवर घेऊन ठेवली. सावध माणूस आहे मी.

रवि. ८
नाही झालं. तुलना न करता निवडणं हा अडाणीपणा. ऑफिसातल्या राघवला फोन केला. म्हणाला, ग्रब चल रहा है ना यार, तो छेड मत. राघवला दृष्टी नाही.

बुध. ११
आणखी एक बूट लोडर सापडला. सिस्टमडी-बूट की रेफाइंड? मयूर विहारपासून मेट्रोत हेच वाचत होतो. ऑफिससाठी उतरायचं होतं नोएडाच्या सेक्टर ५९ला, पोचलो शेवटच्या स्टेशनवर. मॅनेजर बोलला. बोलू दे.
निर्णय: दोन लिनक्सवर चाचणी खरी होत नाही. तिसरं टाकायचं.

शुक्र. १३
तिसऱ्या लिनक्ससाठी पेनड्राइव्ह हवा होता. घरात एकच. पुसला आणि वापरला. रेफाइंडही बसला. कॉम्प्युटरच्या सेटिंग्जमधलं सिक्युअर बूट आडवं येत होतं, बंद केलं. शेजारीच ‘क्लिअर टीपीएम’ दिसलं. साफसफाई कधीही चांगली, तेही केलं.
मेनूत चार चित्रं. पूर्वी म्हणाली, क्यूट. विंडोज उद्या तपासू. ते कुठे जातंय?

शनि. १४, सकाळी
विंडोज निवडलं. निळा स्क्रीन. रिकव्हरी की मागतोय. टीपीएम म्हणजे विंडोजच्या कुलपाची किल्ली जपणारी चिप, हे आज वाचलं.

शनि. १४, चहा निवल्यावर
पेनड्राइव्ह.

रवि. १५
पुसलेल्या फायली शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं. सापडलं ते लिनक्सच. ऑनलाइन खात्यात की आपोआप जपली जाते म्हणे. ते खातं मी तत्त्व म्हणून उघडलेलं नाही.
विनयाला आधी उपाय शोधून मग सांगायचं ठरवलं होतं. दुपारी नुसतंच सांगितलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. सगळ्याच गेल्या का, एवढंच विचारलं. मग पूर्वीची स्केचपेनं घेतली आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नदी काढायला बसली. पूर्वीने विचारलं, उगम म्हणजे क्या? विनयाने सांगितलं, जहाँ से निकलती है. मी विचारलं, निळा रंग भरू का? नको म्हणाली. बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. फार वाईट वाटलं.

शनि. २१
विनयाची निवड झाली. कॅलेंडरवरची यमुना प्रिन्सिपल मॅडमना आवडली, ती आता वर्गात लावणार आहेत. म्हणजे एका अर्थी माझाही हातभार लागला. हे मी बोलून दाखवलेलं नाही.

शाळेने तिला लॅपटॉप दिलाय. बटण दाबलं की सरळ सुरू होतो, काही विचारत नाही. यात लिनक्सही छान बसेल, असं मी सहज म्हणालो. कोणी हसलं नाही.

आपला मेनू मात्र देखणा आलाय. निवडीसाठी थोडा थांबतो, मग कंटाळून पहिलं चित्र स्वतःच उघडतो. त्याच्यासमोर मी एकटाच बसतो.

विनया तिचा लॅपटॉप कपाटात कुलपात ठेवते. किल्ली कुठे असते, ते पूर्वीला माहीत आहे.