अर्ध्या पगाराचे बूट

४ जून

चि. ढब्बूस,

अ. आ. वि. वि. त्रेचाळीस वर्षांचा झालास तरी मला तू 'चि.'च, आणि टक्कल पडलं तरी ढब्बूच. हरकत असेल तर उलट टपाली कळवणे.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर दुसऱ्या मिनिटाला आपलं भांडण होतं आणि तिसऱ्या मिनिटाला तुझे भाऊजी मध्ये पडून दोघांच्याही शिव्या खातात. कागदावर निदान तुला मला मध्येच तोडता येत नाही.

तर आमच्या अग्निशमन केंद्रात नवे साहेब आलेत. दंड असे की सदऱ्याच्या बाह्यांची दया यावी. आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं, की चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने सप्टेंबरात मैदानाच्या सहा फेऱ्या पंधरा मिनिटांत पुऱ्या करायच्या. ज्याला जमणार नाही तो बंबावरून खाली, नियंत्रण कक्षात टेलिफोनवर. मी अठरा वर्षं बंबावर आहे. आठ तास खुर्चीत बसून 'पत्ता सांगा, जवळची खूण सांगा' म्हणत राहिले तर महिन्याभरात मीच कुठेतरी आग लावीन. काल कुणी नसताना पळून पाहिलं. सतरा मिनिटं चाळीस सेकंद, आणि त्यानंतर पाच मिनिटं विजेच्या खांबाला मिठी.

मग बुटांच्या दुकानात गेले. तिथल्या बाईने मला सरकत्या पट्ट्यावर पळवलं, माझ्या घोट्यांचं मागून चित्रण केलं आणि घरातलं कुणीतरी गेल्याच्या सुरात सांगितलं, की माझी पावलं आत कलतात. बावीस वर्षांच्या संसारात हे नवऱ्याच्या लक्षात आलं नव्हतं. तिने एक जोड काढला. पिसासारखा हलका, तळात कार्बनची पट्टी, म्हणे माणसाला पुढे ढकलते. किंमत ऐकून मी तो तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांनी तिला परत दिला. माझा अर्धा पगार होता तो.

तू एकोणीस वर्षं असलेच बूट बनवतोस. खरं सांग, एवढं असतं काय त्यात? आणि घेतले तर माझी दोन मिनिटं चाळीस सेकंद वाचतील का? भाषण नको, उत्तर हवं.

माझ्यावर लोभ ठेव, त्याला काही खर्च येत नाही.

तुझी,
ताई

१३ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. साष्टांगाला पोट आडवं येतं, तेव्हा उभ्यानेच गोड मानून घे.

भाषण नको म्हणतेस, पण एकोणीस वर्षांत घरच्या कुणीतरी मला माझ्या कामाबद्दल पहिला प्रश्न विचारलाय. आता भोग.

मी तळाच्या विभागात. फोमचा तळ साच्यात घालून तापलेल्या प्रेसखाली भाजायचा, हे माझं काम. प्रत्येक मापाला वेगळा साचा, डाव्याचा वेगळा, उजव्याचा वेगळा, आणि एकेक साचा एकट्याने उचलू गेलं तर कंबर जागेवर राहत नाही. नवा नमुना आला की साच्यांचं सगळं खानदान नवं करायचं. दीड वर्षाने तो नमुना बंद, खानदान भंगारात. महाग फोम म्हणजे तर सासरी आलेला जावई. जरा उष्णता कमी-जास्त झाली की फुगतो नाहीतर बसतो. आमच्याकडे दहातले दोन-तीन तळ फेकावे लागतात, आणि त्या फेकलेल्यांचा भाव उरलेल्यांवर चढतो. मग प्रयोगशाळा, जहाजाचं भाडं, कर आणि दुकानाचा भला मोठा वाटा. शिवाय जाहिरातीत डोंगरमाथ्यावर पळणारी ती बाई आहे ना, तिला घाम येत नाही, त्याचे पैसेही तूच देतेस. आमच्या हातांच्या वाट्याला येतं ते लेसच्या टोकाएवढं.

आता उत्तर. अगदी स्वस्त बूट घेऊ नकोस, दोन महिन्यांत त्याचा तळ पुठ्ठा होतो. स्वस्त आणि मधल्या भावाच्या बुटात खरा फरक आहे. मधल्या आणि महागात फरक आहे, पण तो वाऱ्यासारखं पळणाऱ्यांसाठी. तो बूट लवकर झिजतोही. तू मधल्या भावाचा, गेल्या वर्षीचा नमुना घे. या वर्षीच्या नमुन्यात बहुतेक वेळा रंगच तेवढा नवा असतो. संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेव. चार पावलं चालल्यावर पायात काही आहे हे विसरलीस, तर तो तुझा बूट. पावलं आत कलण्याचं मनावर घेऊ नकोस. लहानपणी त्याच पावलांच्या लाथा मला अचूक लागत.

बाकी तुझी दोन मिनिटं चाळीस सेकंद कुठल्याच डब्यात भरून मिळत नाहीत. रोज सकाळी हळू पळ. हळू म्हणजे पळताना बोलता यावं इतकं, आणि बोलणं तुला जमतं.

माझं विचारशील तर मी चपलाच घालतो. ज्याच्या पोटात काय आहे ते मला ठाऊक आहे, त्याला मी दुकानाचा भाव देणार नाही.

भाऊजींना नमस्कार. तुझी माया आहे तेवढीच असू दे, वाढली तर मारतेस.

तुझा,
ढब्बू

११ जुलै

चि. ढब्बूस,

अ. आ. वि. वि. हे पत्र वाचताना हसायचं नाही अशी अट आहे.

मी तुझं ऐकलं नाही. तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी दुकानात मधला जोडच घ्यायला गेले होते. पण शेजारी तो महाग जोड दिसला आणि मला वाटलं, नोकरीचा प्रश्न आहे, इथे काय कंजूषी करायची. पहिले तीन दिवस मी हवेतच होते. बूट खरंच ढकलतो रे. सायकलवरून पाण्याची बाटली घेऊन सोबत येणाऱ्या तुझ्या भाऊजींना पहिल्यांदा पॅडल मारावं लागलं, एरवी ते माझ्याबरोबर पाय टेकवत येतात. चौथ्या दिवशी कुणीतरी दगड मारावा तशी पोटरीत कळ आली आणि मी रस्त्याच्या कडेला बसले. डॉक्टरांनी सांगितलं, नवा ताठ बूट आणि अंगात नसलेला वेग, दोन्ही एकदम काढले तर पोटरी बिचारी काय करणार. दोन आठवडे पळणं बंद. आमच्या बंबाच्या ड्रायव्हरने विचारलं, की बुटांची हमी आहे, ती पायांनाही लागू आहे का.

वापरलेले बूट दुकानवाले परत घेईनात. शेवटी आमच्या केंद्रातल्या नव्या भरतीतल्या एका मुलीला निम्म्या भावात विकले. ती मुळातच हरणासारखी पळते आणि त्या बुटांत तर दिसेनाशी होते. म्हणजे बुटात खोट नव्हती, गिऱ्हाइकात होती.

आता मधल्या भावाचा, गेल्या वर्षीचा जोड घेतलाय. जांभळ्यावर पोपटी. तो का विकला गेला नव्हता हे लांबूनही कळतं. पण पायात असल्याचं कळत नाही, तेवढं तुझं खरं. कालपासून पुन्हा हळूहळू सुरू केलंय. पळताना बोलते. भाऊजी म्हणतात, त्यापेक्षा जोरात पळ.

हसला असशीलच. तरी आशीर्वाद मागे घेत नाही.

तुझी,
ताई

६ सप्टेंबर

ती. वन्संना,

सा. न. वि. वि. हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. कळलं तर दोन दिवस घरात बोलणं बंद होईल, पण तेवढी विश्रांती मला चालेल.

यांची उजवी टाच सहा महिने दुखते आहे. तुम्हाला लिहिलं नसणारच. सकाळी उठल्यावर न्हाणीघरापर्यंत भिंत धरून, चवड्यांवर जातात. विचारलं की म्हणतात, पाय झोपलाय. दिवसभर सिमेंटच्या फरशीवर उभं राहायचं आणि पायात त्या कागदासारख्या झालेल्या चपला. कारखान्याच्या डॉक्टरांनी जाड, मऊ तळाचे बूट घ्यायला सांगितले. मी हात धरून दुकानात नेलं. यांनी बूट उलटा केला, तळाचा वास घेतला, हा आमच्या तिसऱ्या प्रेसचा आहे म्हणाले, आणि तो बनवायला किती पैसे लागतात ते मोठ्याने सांगायला लागले. गिऱ्हाइकं जमली. दोघांनी हातातले बूट खाली ठेवले. मग मालकाने आम्हाला फार अदबीने दारापर्यंत पोचवलं. मी घरी येईपर्यंत हसत होते. घरी आल्यावर मात्र हे जिना चढायच्या आधी अर्धा तास पहिल्या पायरीवर बसून राहिले.

गेल्या आठवड्यात टाचेतून कळ आली आणि यांचा तोल गेला. हात प्रेसच्या तापल्या पत्र्यावर पडला. मनगट भाजलंय. जखम लहान आहे, पण फोरमन म्हणाले, पुन्हा असं झालं तर तुम्हाला पॅकिंगला, खुर्चीवर बसवू. तुम्हाला कळवू नको असं बजावलंय.

माझं सांगून झालंय. तुमचं ऐकतात, फक्त तसं दाखवत नाहीत. तुमची चाचणी जवळ आली आहे, त्यात ही भर घातल्याचा राग मानू नये.

तुमची,
भावजय

१५ सप्टेंबर

चि. ढब्बूस,

आधी बातमी. चौदा मिनिटं एक्कावन्न सेकंद. त्यानंतर मी नळ्यांच्या कोठीमागे जाऊन सकाळचा सगळा नाश्ता परत केला, पण ते मोजत नाहीत. मी बंबावरच आहे. साहेबही आमच्याबरोबर पळाले आणि सगळ्यांच्या आधी आले, त्यामुळे त्यांची टिंगल करायची सोय राहिली नाही.

आता तू. मला सगळं कळलंय. तुझ्या बायकोवर चिडलास तर मी पुढच्या गाडीने येईन.

भाजणं म्हणजे काय ते मला सांगू नकोस, ढब्बू. मी भाजलेली माणसं उचलली आहेत. या वेळी मनगटावर निभावलं. आणि हे कशासाठी, तर बुटाचा खरा भाव तुला माहीत आहे म्हणून. आम्ही केंद्रासाठी दोर घेतो तेव्हा त्यात सूत कितीचं हे कुणी विचारत नाही, कारण त्याला लटकायचं असतं. दोरवाला आम्हाला लुटतो. लुटतोच. तरी मी त्याच्या दोरावरून तीन मजले उतरले आहे.

गेले तीन महिने मला खुर्चीची भीती वाटत होती. झोपेत टेलिफोन वाजायचा. माझ्यापुढे निदान साहेबांचं फर्मान होतं. तू स्वतःच्या हट्टाने खुर्चीकडे निघाला आहेस, तेही लंगडत.

मी बूट पाठवणार नाही. स्वतः जा, संध्याकाळी जा, पाय घालून बघ. दुकानात तोंड बंद ठेव.

आशीर्वाद आहेत, पण या वेळी उधार. बूट घेतल्याचं कळव, मग पोचते करीन.

ताई

२९ सप्टेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. एक्कावन्न सेकंदांचं अभिनंदन. बायकोशी मी दीड दिवसच बोललो नाही, त्यात रविवार होता.

तुझ्या पत्राचा राग आला. मग जिना चढताना राग कमी आणि टाच जास्त, असं झालं. दुसऱ्या दुकानात गेलो, कारण पहिल्यात मला ओळखतात. मधल्या भावाचा, गेल्या वर्षीचा, आमच्याच कारखान्याचा जोड घेतला. पैसे देताना नोट बोटांतून सुटेना, विक्रेत्याला ओढावी लागली. बोललो मात्र एकच वाक्य, की पिशवी नको.

सोमवारी ते घालून कामावर गेलो. प्रेसवरच्या मंडळींनी, लग्न कुणाशी ठरलं, म्हणून विचारलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत भट्टीवरचा लंबू हळूच म्हणाला, जरा बघू का घालून. त्याने प्रेसपासून खिडकीपर्यंत फेरी मारली आणि परत येताना तो हसत नव्हता. मग दुसऱ्याने मागितले. मग रांगच लागली. ताई, इथे कुणी बारा वर्षं, कुणी वीस वर्षं हे बूट बनवतंय, आणि त्यातल्या एकाच्याही पायात ते कधी गेले नव्हते. माझ्याही नाही. नऊ जणांनी घालून पाहिले.

शेवटी शिलाईतली मावशी आली. या बुटाचा वरचा भाग तीच शिवते. तिचं पाऊल माझ्यापेक्षा तीन मापांनी लहान. तिने लेस करकचून आवळली, खिडकीपर्यंत गेली आणि तिथे थोडा वेळ तशीच उभी राहिली. परत येऊन स्टुलावर बसली, लेस सोडली आणि म्हणाली,

"म्हणजे हे असं लागतं होय."

भोंगा झाला आणि सगळे जागेवर गेले.

टाच अजून दुखते. सकाळी भिंत धरतोच, पण आता दारापर्यंतच. फोरमनने पॅकिंगचा विषय काढलेला नाही.

काल मावशीने घरून जाड लोकरीचे मोजे आणले. परवा माप नीट बसलं नव्हतं, म्हणाली, तेव्हा पुन्हा बघायचंय. मी बूट काढून दिले आणि जेवणाची सुट्टी अनवाणी काढली.

उधारीतले आशीर्वाद आता पोचते कर. ममतेत कमी-जास्त करू नकोस, आहे ती बरोबर मापाची आहे.

तुझा,
ढब्बू