मागच्या पायरीखालची राख

५ जानेवारी ५९
गायकवाड गुरुजींच्या बदलीचा हुकूम आला. डोंगराखालची एकशिक्षकी शाळा, एस.टी. नाही. बदल्या मे महिन्यात होतात, ही जानेवारीत उगवली. दिवाळीआधी त्यांनी स्कूल बोर्डाला अर्ज केला होता: शाळेत माझा चहाचा कप वेगळा, कान तुटलेला, व्हरांड्यातल्या कोनाड्यात; तो धुवायचाही मीच. हेडमास्तर (यापुढे हे.मा., शाई वाचेल) म्हणतात, अर्जाचा नि बदलीचा काही संबंध नाही. नसेल. बोर्डाला थंडीत अचानक डोंगर आठवला असेल.
गुरुजींची बायको शेवंता, तिला आठवा लागतोय. पहिलं बाळंतपण. तिथे सुईणही नाही.

८ जानेवारी
संध्याकाळी गुरुजी आले, वालाच्या शेंगा घेऊन. उंबऱ्याबाहेरच बसले. आत या म्हटलं तर म्हणे, इथं वारा बरा लागतो. पौषात वारा खाणारा माणूस! शेंगा घेणार नाही म्हणून दटावलं, तेव्हा आत आले.
त्यांच्या मागणीवरून चौकशी लागली आहे. तोवर हुकूम थांबलाय. बोर्डाचे साहेब म्हसा गावच्या जत्रेनंतर येणार.
"बाई, साक्ष द्याल?"
देईन म्हटलं. रात्री भाजी करपली.

१४ जानेवारी
हे.मा.नी तिळगूळ दिला आणि गोड बोलता बोलता सांगितलं की बाईंची जागाही बदलीला पात्र आहे. वर, संमेलनाला फार्स लिहून द्या. म्हटलं, विषय तयार आहे.
पाटील गुरुजी साक्षीला नाहीत. त्यांनी कोनाड्याकडे कधी पाहिलंच नाही. रोज त्याच्या शेजारी टोपी टांगतात.

२९ जाने.
हे.मा. जत्रेला गेले बैल बघायला, आले कप घेऊन. सगळे एकसारखे, निळ्या फुलाचे, कानवाले. कोनाडा सारवून त्यात खडूची पेटी. जुना कप कुठे, म्हणून शिपाई धाऊला विचारलं. "फोडला बाई. मी काय करू, आमी हुकमाचे."
म्हणजे पुरावा गेला. गुरुजींनी दिवसभर मुलांना पाढे मोठ्याने म्हणायला लावले.

२ फेब्रुवारी
साहेब आले. सगळे एका टेबलाशी, गुरुजीसुद्धा. नव्या कपांतून चहा. वेगळा कप कुठे, साहेबांनी विचारलं. हे.मा.नी खडू दाखवले.
चहा संपला. आम्ही कप टेबलावर ठेवले. गुरुजी उठले, आपला कप घेऊन मागच्या दाराने गेले. धुतला, आणून कोनाड्यात, खडूच्या पेटीशेजारी पालथा घातला. हात पुसत वळले, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. तो चेहरा मला लिहिता येत नाही.
हे.मा. हसून म्हणाले, "पाहिलंत साहेब? कोणी सांगितलं का? त्यांची आवड आहे."
साहेब लिहायला लागले.
मी उठले. म्हटलं, साहेब, एवढंच विचारा सगळ्यांना, कप घासायची राख शाळेत कुठे असते? हे.मा. म्हणाले, धाऊला माहीत. पाटील गुरुजी आढ्याकडे बघत राहिले. मला विचारलं. मलाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं इथे चहा पितेय.
गायकवाड गुरुजी खाली बघून म्हणाले, "मागच्या पायरीखाली. करवंटीत."
साहेबांनी धाऊला बोलावलं. तो हे.मा.कडे बघत होता, पण सवयीने खरं बोलून गेला. "बाकीचं कप मी हिरीवर धुतो. ती करवंटी गुरुजींची. आमी नाय हात लावत."
कप फोडला, राख राहिली. ती लपवायची तर कुठे असते ते ठाऊक हवं.
साहेबांनी लिहिलेलं खोडलं, दुसरं काही लिहिलं. काय, ते सांगितलं नाही.

९ फेब्रु.
मला मेमो. कारण: तपासणीच्या वेळी अवांतर प्रश्न. शिवाय पहिली-दुसरी दोन्ही वर्ग माझ्याकडे. फार्सला दुसरा अंक मिळाला.
धाऊ बोलत नाही. माझ्या टेबलावर तांब्याभर पाणी मात्र न सांगता भरून ठेवतो. गुरुजींच्याही.

२० फेब्रु.
बोर्डाचं उत्तर नाही. शेवंताचे दिवस भरत आले. आधी काय येतं ते बघायचं. मी झबली शिवतेय, एक बाही लांब झाली.
संध्याकाळी गुरुजी आले. आज न सांगता आत बसले. चहा झाला नि कप घेऊन उठले. मी कप धरला. त्यांनीही सोडला नाही.
"सवय, बाई."
"ठेवा म्हणते ना."
ठेवला. मग हातांचं काय करावं हे त्यांना कळेना. निघाले. कुंपणापाशी थांबून एकदा मागे बघितलं. मला वाटलं काही सांगायचं राहिलं. ते उघड्या दारातून कपाकडे बघत होते.